एम.ए. आर्ट एज्युकेशनच्या नावाखाली माझे 1,22,000 रुपये गेले

मी चित्रकलेची शिक्षिका. ए.टी.डी., मग ए.एम. हे कलाशिक्षकाचे अभ्यासक्रम, आणि चौदा वर्षं नोकरी. हे लिहायला लाज वाटते, पण तोच माणूस आता आमच्या भागातल्या इतर कलाशिक्षकांकडे फिरतोय, म्हणून लिहिते.

तो थेट आमच्या स्टाफरूममध्ये आला. परराज्यातल्या विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र चालवतो म्हणाला. एम.ए. आर्ट एज्युकेशन, दोन वर्षं, घरबसल्या, निवडश्रेणीलाही, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीलाही, उपयोगी. शिकलेल्या बाईने विश्वास कसा ठेवला, असं विचारणारे भेटतात. कलाशिक्षण हाच विषय घेऊन पदव्युत्तर पदवी देणाऱ्या जागा किती आहेत ते आधी शोधून बघा. दिल्लीच्या जामिया मिलियात एमएफए आर्ट एज्युकेशन आहे, पण मुलगा दहावीला, सासूबाई अंथरुणावर आणि शाळा बिनपगारी रजासुद्धा देईना. मी दिल्लीला कशी जाणार होते?

नोंदणीचे 5,500 दिले. पहिला हप्ता 42,000, दुसरा 38,000, परीक्षा फी 12,000, प्रबंधाचे 15,500 आणि शेवटी 'व्हेरिफिकेशन'चे 9,000. पावती विद्यापीठाच्या नावाची नव्हती, कुठल्याशा एंटरप्रायझेसची होती. फी विद्यापीठाच्या खात्यात जात नसेल तर एक रुपयाही देऊ नका.

पण मला पावतीपेक्षा दुसरीच गोष्ट जाळते. प्रवेशाच्या दिवशी मी माझी मोठी फाइल घेऊन गेले होते. जलरंगातली निसर्गचित्रं, मुलांची कामं, पाठाची टाचणं. आदल्या रात्री बारापर्यंत जागून लावली होती. तासभर ती मांडीवर धरून बसले. त्याने फाइलची नाडीसुद्धा सोडायला लावली नाही. "ते राहू द्या मॅडम, आधार आणि दोन फोटो द्या." एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसणाऱ्या पोरालाही वस्तुचित्र, स्मरणचित्र काढून दाखवावं लागतं, त्याची तयारी दरवर्षी मीच करून घेते. आणि एम.ए.ला मला कुणी एक रेघ ओढायला सांगितली नाही! तिथेच उठून यायला हवं होतं. तुमचं काम न बघता कलेच्या पदवीला प्रवेश देत असतील तर तिथून परत फिरा.

गुणपत्रिका आली, 74 टक्के. मी विद्यापीठाला पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं, हा नोंदणी क्रमांक आमचा नाही आणि महाराष्ट्रात आमचं केंद्रही नाही.

मग सुरू झाल्या खेपा. पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत, ही दिवाणी बाब आहे. चार वेळा गेले, दोनदा साहेब बंदोबस्ताला. चौथ्या वेळी अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नाहीत. शिक्षण खात्याचं कार्यालय म्हणतं विद्यापीठ परराज्यातलं, आमच्या अखत्यारीत नाही. परराज्यात फोन केला तर म्हणे गुन्हा तुमच्याकडे घडला. एका बाबूने तर तोंडावर विचारलं, "बाई, तुम्हालाही शॉर्टकटच हवा होता ना?" दोन वर्षं रात्री जागून मी असाइनमेंट लिहिल्या, त्याला हा शॉर्टकट म्हणतो! त्या माणसाच्या दुकानाची पाटी आजही तिथेच आहे.

दूरशिक्षण असेल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण ब्युरोच्या यादीत विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि त्याच वर्षाची मान्यता तिन्ही बघा. नुसतं विद्यापीठाचं नाव खरं असून भागत नाही, माझंही खरंच होतं. दूरशिक्षण फ्रँचायझीवर चालवायला यूजीसीची बंदी आहे, म्हणजे गाळ्यातलं 'अधिकृत केंद्र' ऐकलं की सावध व्हा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा, माझ्यासारखं लाजून घरात बसू नका. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका.

शेजारच्या तालुक्यातल्या एका बाईंनी गेल्या आठवड्यात त्याच्याकडे 5,500 भरलेत असं कळलं. त्यांचा नंबर मला मिळालेला नाही. बाई, हे वाचत असाल तर 42,000 चा हप्ता भरू नका. मला फोन करा, सगळ्या पावत्या दाखवते.