ऑइल फिल्टर एकदा न बदलता: चौदा महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, माझ्या पेट्रोल स्विफ्टचं ऑइल बदललं आणि फिल्टर तसाच ठेवला. मेस्त, म्हणजे आमचा मेकॅनिक, म्हणाला म्हणून. "फिल्टर बरो आसा, कित्याक दुडू मोडटात?" (फिल्टर चांगला आहे, पैसे कशाला घालवता?) त्याचा हात चांगला, गाडी नेहमी त्याच्याकडेच जाते, मी ऐकलं. गोव्यात फोंड्याहून बोरी पुलावरून वेर्णे, रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, म्हणजे 10,000 व्हायला आठ महिने पुरले. जानेवारीत पुन्हा ऑइल बदललं तेव्हा फिल्टरही नवा घातला. त्यालाही आता सहा महिने झाले.

फरक आधी दिसला तो डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर. नवं ऑइल आठवड्याभरात काळपट. फिल्टरच्या डब्यात पाव लीटरच्या आसपास जुनं तेल अडकून राहतं आणि तीनेक लीटर नव्यात मिसळतं; कालच्या आमटीवर आजची ओतावी तसं. काळं झालं म्हणजे ऑइल संपलं असं नाही, मळ धरून ठेवणं हेच त्याचं काम. म्हणून तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

चवथीला (गणेश चतुर्थीला) मात्र कान टवकारले. पाच दिवस गाडी हलली नव्हती. सहाव्या दिवशी चावी फिरवली तर दोन-तीन सेकंद खडखड, मग शांत. पुढे रोज सकाळी तेच. मेस्ताने चेन टेन्शनरवर, म्हणजे इंजिनातली चेन ताणून धरणाऱ्या भागावर, बोट ठेवलं आणि खर्चाचा जो आकडा सांगितला, तो ऐकून मी विषय पुढे ढकलला. जानेवारीत सव्वाशे रुपयांचा फिल्टर बसला आणि आवाज गेला. टेन्शनर अजून जुनाच आहे.

जुना फिल्टर घरी आणून हॅकसॉने कापला. (बायकोने तो हॅकसॉ पुन्हा नारळाच्या कामाला लावू दिला नाही.) कागदाच्या घड्या काळ्या, चिकट, पण चोंदलेल्या नव्हत्या, लोखंडाचा कीसही नाही. इथे मेस्ताचं म्हणणं खरंच होतं. गेला होता तो आतला रबरी पडदा. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं तेल खाली इंजिनाच्या तळाच्या चेंबरात उतरू नये म्हणून तो असतो. बोटाने दाबला तर जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखा कडक. तो नीट मिटत नसणार, रात्रभरात तेल उतरत असणार आणि सकाळी दाब तयार होईपर्यंत इंजिन कोरडंच खडखडत असणार.

कागद चोंदला असता तरी तेल अडलं नसतं. अशा वेळी बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे तेलाची आडवाट, उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जातं. गाडी सुरळीत चालते, डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, म्हणून तर 'काही होत नाही' असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. होंडाच्या काही गाड्यांत कंपनीच फिल्टर एक ऑइल बदल सोडून दुसऱ्याला बदलायला सांगते, हेही खरं. ऑइल 5,000 ला बदलणाऱ्याने एखादा चुकवला तर मी भांडणार नाही. 10,000 ला बदलणाऱ्याने चुकवला तर तो फिल्टर 20,000 चालतो, आणि माझा तसाच चालला.

उसगावकडचे मित्र लाल धुळीचा मुद्दा काढतात. ती धूळ आधी एअर फिल्टर भरते. तो झटकून बघा, दोन्हींची गल्लत नको.

जानेवारीपासून खडखड एकदाही नाही, या पावसातही नाही. नवा बसवताना जुन्याचा रबरी वॉशर इंजिनला चिकटून राहिला नाही ना, हे बोट फिरवून बघून घ्या. दोन वॉशर एकावर एक बसले की ऑइल गळतं. नव्याच्या वॉशरला थोडं ऑइल लावायचं, हातानेच आवळायचा, टेकल्यावर साधारण पाऊण फेरा. आणि मार्करने तारीख लिहायची. मागे एका गॅरेजात बिलात फिल्टर लागला होता आणि गाडीत जुनाच होता, तेव्हापासूनची ही सवय.

बायकोच्या ॲक्टिव्हाला हा प्रश्नच नाही. तिथे नुसती जाळी, धुवून परत बसवायची.