सुट्टीत एकच पुस्तक न्यायचं असेल तर: 'द सायलेंट पेशंट' की 'द हजबंड्स सिक्रेट'?

आमच्या बडोद्याच्या वाचणाऱ्या मंडळींत हा प्रश्न सारखा येतो. विचारणारा बहुतेक वेळा दुकानातूनच फोन करतो: दोन्ही हातात आहेत, कुठलं घेऊ? दोन्ही पुस्तकं मी वाचली आहेत, दोन्ही आता घरच्या कपाटात आहेत, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

कथानक सांगत बसत नाही, ते मागच्या कव्हरवर आहेच. एकीकडे नवऱ्याच्या चेहऱ्यावर पाच गोळ्या झाडून नंतर चकार शब्द न बोललेली लंडनची चित्रकार ॲलिसिया, आणि तिला बोलतं करायला निघालेला मानसोपचारतज्ज्ञ थिओ. दुसरीकडे सिडनीतली तीन मुलींची आई सिसिलिया आणि माळ्यावर तिच्या हाती लागलेलं नवऱ्याचं बंद पाकीट. वर लिहिलंय, माझ्या मृत्यूनंतरच उघडावं. नवरा मात्र चांगला धडधाकट. पहिलं ॲलेक्स मायकेलिडीस यांचं, २०१९ चं. दुसरं लिआन मॉरिआर्टी यांचं, २०१३ चं. दोन्हींचा शेवट मी फोडणार नाही, निर्धास्त वाचा.

वेगाच्या बाबतीत तुलनाच नाही. मायकेलिडीस आधी सिनेमाच्या पटकथा लिहायचे, ते पानोपानी कळतं. प्रकरणं एवढीएवढीशी, आणि प्रत्येकाच्या शेवटी एक खुंटी ठोकलेली. तिथे थांबून दिवा मालवणं कठीण. मी ते मुंबईला जाताना गाडीत वाचायला घेतलं. भरूचचा नर्मदेवरचा पूल येईपर्यंत गोष्टीने पकड घेतली होती, वापीला समोरचे काका चहा घेणार का विचारत होते ते दुसऱ्या हाकेला कळलं, आणि बोरिवलीला लोक बॅगा काढायला उठले तेव्हा मी मनातल्या मनात गाडीला जरा हळू म्हणत होतो. प्रवासात वेळ जावा एवढीच अपेक्षा असेल तर पुढचं वाचू नका, ते घ्या आणि निघा.

'हजबंड्स सिक्रेट'मध्ये मात्र नमनालाच घडाभर तेल आहे. तीन बायका, तीन घरं, त्यांच्या मुलांची, जावांची, शाळेतल्या आयांची नावं. पहिली शंभरेक पानं तर मागे वळून 'ही कोण बरं?' करण्यात जातात. सिसिलिया टपरवेअरचे डबे विकते, आणि त्या डब्यांच्या पार्ट्यांवर बाईंनी एवढी पानं खर्ची घातली आहेत की एखाद्याने तिथेच पुस्तक मिटलं तर मी त्याला दोष देणार नाही. मला स्वतःला तो भाग आवडला. सगळ्यांच्या डब्यांची झाकणं जागेवर असणारी बाई आपल्या ओळखीत एक तरी असतेच, आणि तिच्याच घरात हे पाकीट निघावं यात गंमत आहे.

पण या पुस्तकाचा जीव सिसिलियात नाही, रेचलमध्ये आहे, आणि हे कव्हरवर कुणी सांगत नाही. रेचल शाळेच्या ऑफिसात काम करणारी, साठी उलटलेली बाई. तिची तरुण मुलगी खूप वर्षांपूर्वी मारली गेली, गुन्हेगार सापडला नाही. आता तिचा सगळा जीव नातवात, जेकबमध्ये. आणि एके संध्याकाळी मुलगा-सून येऊन सांगतात, सुनेला न्यूयॉर्कला नोकरी मिळाली आहे, आम्ही दोन वर्षांसाठी तिकडे जातोय. झालं. ओरडा नाही, रडारड नाही. ती आनंद झाल्याचं दाखवते, आणि आत काय कोसळलं ते फक्त आपल्याला कळतं. बडोद्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. इथे गुजराती शेजाऱ्यांपासून आमच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांपर्यंत दर दोन घरांआड कुणाचा तरी जेकब न्यू जर्सीला आहे. आमच्या शेजारच्या काकू फोनवर नातवाला 'झोपलास का रे?' विचारतात आणि मग तिकडे सकाळ आहे हे आठवून स्वतःच हसतात. रेचलची पानं मी त्यांच्या चेहऱ्यासकट वाचली. खुनाचं रहस्य बाजूला ठेवलं तरी तेवढ्यासाठी हे पुस्तक घ्यावं, असं माझं आपलं मत.

आता जी गोष्ट मला खुपली, आणि खरं सांगायचं तर जिच्यामुळे निकाल लागला, ती. 'सायलेंट पेशंट' थिओ स्वतः सांगतो, 'मी' म्हणून. बापाचा धाक, पोळलेलं बालपण, बायकोवरचं प्रेम, गांजाचे झुरके, सगळं उघडं करतो. एवढं पोट मोकळं करणारा माणूस नेमकी एक बाब सांगायची टाळतो. कुठली, ते मी सांगत नाही. काहीतरी हातचा राखलाय याचा वास चाणाक्ष वाचकाला निम्म्यावर येतोच. माझी तक्रार एवढीच, की ते लपवणं त्या माणसाच्या स्वभावातून आलेलं वाटत नाही. स्वतःशीच बोलणाऱ्या माणसाला स्वतःपासून लपवायची गरज काय? सोय आहे ती लेखकाची. ताकाला जाऊन भांडं लपवावं, तेही आपल्याच घरात, तशातला प्रकार. ॲलिसियाच्या रोजनिशीतही तेच: घाबरलेली बाई वहीत पानपानभर संवाद लिहिते, कोण काय म्हणालं ते अवतरणचिन्हांसकट. रोजनिशी अशी कोण लिहितं?

शेवट वाचताना मी दचकलो, हे कबूल. बऱ्यापैकी दचकलो. पण गाडीतून उतरून टॅक्सीत बसेपर्यंत त्या दचकण्याची जागा चिडचिडीने घेतली होती. मागे जाऊन दोन-तीन जागा पुन्हा पाहिल्या. शब्द चोख निवडलेले आहेत, कुठे सरळ खोटं नाही. तरीही आपल्याला मुद्दाम दुसऱ्या खिडकीबाहेर बघायला लावलं होतं, ही भावना जात नाही. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने (स्वतः रहस्यकथा लिहायचा) रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले होते. त्यात एक असा, की तपास करणाऱ्याला जो दुवा सापडेल तो तिथल्या तिथे वाचकापुढे ठेवला पाहिजे. आता ते नियम कुणी पाळत नाही, पाळावेत असंही नाही. काहींना असा चकवाच हवा असतो आणि त्यांच्या आनंदात मला मिठाचा खडा टाकायचा नाही. मला आपला तो पचला नाही.

रहस्यकथांवर माझा राग आहे असं कुणी समजू नये. वडिलांनी जपलेले बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड वाचूनच मी मोठा झालो. जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' घ्या (२०२३ चा करीना कपूरचा 'जाने जान' त्याच्यावरच बेतलेला). त्यात खून कुणी केला, कसा केला, हे सुरुवातीलाच डोळ्यांसमोर घडतं आणि तरी शेवटी माणूस गार होतो. तिथे कुणी 'मी मी' करत कानात बोलत नसतं, म्हणून फसवल्यासारखं वाटत नाही. या दोन्हींऐवजी तिसरं चालणार असेल तर तेही बघा.

मॉरिआर्टी बाई उलट करतात. पाकिटात काय आहे, हे पुस्तक निम्म्यावर यायच्या आतच सांगून मोकळ्या होतात. माझा पहिला विचार, आता उरलं काय? मग कळतं की खरी गोष्ट इथून सुरू होते. सिसिलियाला आता सगळं माहीत आहे, आपल्यालाही माहीत आहे, आणि उद्या सकाळी तिला मुलींचे डबे भरायचे आहेत. शाळेच्या फाटकाशी ज्या माणसांपासून हे लपवायचं तीच भेटणार. बोलली तर मुलींचा बाप जाईल, गप्प राहिली तर कुणाची तरी आई रोज मरत राहील. इथे गप्प बसणं सिसिलियाला जड जातं, आणि तिचं काय होतंय ते आपल्याला दिसत राहतं. काहीच न लपवता बाईंनी माझी झोप घालवली.

याचा पुरावा माझ्याकडे थोडा विचित्र आहे. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयं उभी करायला लावली, तेव्हापासून बडोद्याला पुस्तक विकत घेण्याआधी आणून वाचायची खोड आहे. 'हजबंड्स सिक्रेट' मी प्रथम असंच एका छोट्या वाचनालयातून आणलं. पत्र पहिल्यांदा हाती येतं त्या पानाच्या समासात कुणा उपद्व्यापी वाचकाने पत्रातला मजकूर पेन्सिलीने लिहून ठेवला होता, एका ओळीत, गुजरातीत. खोडरबर फिरवलेला, पण अक्षरं दाबून काढलेली, तिरकं धरलं की स्पष्ट वाचता यायची. मी चरफडलो, पण वाचत राहिलो, आणि काही म्हणता काही बिघडलं नाही. याउलट 'सायलेंट पेशंट' बायको वाचत होती तेव्हा सुरतेहून आलेले आमचे साडू सेव-उसळीची बशी हातात घेऊन सहज म्हणाले, "अरे, ते का? त्यात शेवटी..." आणि पुढचं एकच वाक्य. तिने पुस्तक तिथेच पालथं ठेवलं, ते आजतागायत पुढे वाचलेलं नाही. साडूंना दुसऱ्यांदा उसळ मिळाली नाही.

न्याय म्हणून दोन गोष्टी सांगतो. 'सायलेंट पेशंट'मध्ये युरिपिडीसच्या ग्रीक नाटकातल्या अल्सेस्टिसची कथा फार सुरेख विणली आहे. नवऱ्याच्या जागी स्वतः मरण पत्करणारी राणी. हेराक्लिस तिला मृत्यूकडून परत आणतो, पण परतल्यावर ती बोलत नाही. सत्यवानाला सोडवून आणणाऱ्या सावित्रीवर वाढलेल्या आपल्याला तर ती चटकाच लावते: इथे नवरा बायकोला मरू देतो, मग ती काय बोलणार? ही कल्पना पुस्तकापेक्षा मोठी आहे. आणि 'हजबंड्स सिक्रेट'मधल्या तिसऱ्या बाईची, टेसची बाजू मला ओढून आणल्यासारखी वाटली. तिची पानं मी दुसऱ्या वाचनात सरळ गाळली, काही अडलं नाही. शेवटच्या प्रकरणात 'असं झालं असतं तर'ची जी माळ आहे ती काहींना डोळ्यांत पाणी आणते, काहींना जास्तीची वाटते. मी मधला.

तेव्हा, कॉलेजातली मुलगी घेत असेल, एका रात्रीत संपवायचं असेल, मैत्रिणींत त्यावर वाद घालायचा असेल तर 'सायलेंट पेशंट' वाईट नाही. फक्त वाचून होईपर्यंत साडूंपासून लांब राहा. घरात तीन पिढ्या असतील आणि एकच पुस्तक सगळ्यांच्या हातून फिरणार असेल तर मी 'हजबंड्स सिक्रेट' घेईन. घेतलंच तर पहिल्या पानाच्या कोऱ्या बाजूला तीन बायकांची नावं आणि त्यांच्या खाली मुलांची नावं लिहून काढा, पहिली शंभर पानं सोपी जातात. आईला देणार असाल आणि तुम्ही स्वतः परदेशी असाल, तर रेचलच्या पानांबद्दल आधी एकदा फोनवर सांगून ठेवा.