'उत्तम विल्लन': मरणारा नट, न मरणारा नायक

मेंदूत गाठ निघाली आहे, दिवस मोजके आहेत आणि तेवढ्यात एक विनोदी चित्रपट करून जायचंय. मनोरंजन या तमिळ सुपरस्टारच्या या हट्टावर 'उत्तम विल्लन' (२०१५) उभा आहे. दिग्दर्शन रमेश अरविंद यांचं, पटकथा आणि मुख्य भूमिका कमल हासन यांची.

चित्रपटात चित्रपट आहे. आतली गोष्ट आठव्या शतकातली: उत्तमन हा तेय्यम (केरळातलं देवतांचं विधिनृत्य) करणारा कलावंत दर वेळी मरणाच्या दारातून परततो, लोक त्याला मृत्युंजय ठरवतात आणि अमरत्वाचं गुपित काढून घ्यायला राजा मुत्तरसन (नासर) त्याच्यामागे लागतो. मरणारा माणूस न मरणाऱ्याचं सोंग करतोय, हे एकदा लक्षात आलं की आतल्या साध्यासुध्या विनोदालाही धार चढते.

तरी खरा जीव आहे तो बाहेरच्या गोष्टीत. यामिनीवर प्रेम असताना मनोरंजनचं लग्न दुसरीशीच लावलं गेलं, पत्रं मधल्या माणसानं पोचू दिली नाहीत आणि आता यामिनीची तरुण मुलगी समोर आली आहे. तिची हकिकत तो मेकअप उतरवता उतरवता ऐकतो. रंग पुसला जातो तसतसा आरशातला स्टार विरतो आणि उरतो एक हतबल बाप. कमल इथे आवाज चढवत नाहीत, म्हणूनच प्रसंग लागतो. मुलगी मनोन्मणी झालेल्या पार्वतीचा राग शेवटपर्यंत खरा वाटतो. ती बापाला स्वस्तात माफ करत नाही. बायको वरलक्ष्मीच्या भूमिकेत उर्वशी थोड्याच प्रसंगांत सगळं घर उभं करते. ती पत्रं अडवणारा मनोरंजनचा मॅनेजर चोक्कू झालेले एम. एस. भास्कर तर अपराधीपणानं अक्षरशः वाकून गेलेले दिसतात.

गुरू मार्गदर्शी झाले आहेत के. बालचंदर. 'एक दुजे के लिए'चे हेच दिग्दर्शक. कमल यांना घडवणारेही हेच. २३ डिसेंबर २०१४ला ते गेले, चित्रपट आला त्यानंतर मे महिन्यात. दुरावलेल्या शिष्याचं आजारपण कळल्यावर त्यांचा चेहरा कसा बदलतो, ते पाहताना हे विसरता येत नाही. सासरे झालेत के. विश्वनाथ, म्हणजे 'शंकराभरणम्'चे दिग्दर्शक.

कमी पडतो तो राजदरबार. विनोद तमिळ शब्दांच्या कोट्यांवर चालतो, सबटायटलमध्ये त्यातला निम्मा गळतो. संगणकावर केलेला वाघ खोटा दिसतो. जवळजवळ तीन तासांच्या लांबीत दरबारातले काही प्रसंग सरळ कापता आले असते. बाहेर घर कोसळत असताना आत तीच ती गंमत लांबली की प्रेक्षकाचा जीव बाहेर अडकलेला राहतो.

पाहण्याआधी एवढं करा: गाण्यांनाही सबटायटल आहेत का ते तपासा. आतली गोष्ट बरीचशी विल्लुपाट्टूतून पुढे जाते. या कथागायनात घंटा बांधलेलं मोठं धनुष्य काठ्यांनी वाजवतात, साथीला मातीचा घडा असतो. 'विल्लु' म्हणजे धनुष्य, त्यामुळे नावातला 'विल्लन' धनुष्यवालाही आणि खलनायकही. घिब्रान यांचं संगीत ही कसरत छान पेलतं. गाणी पुढे ढकललीत तर कथाच हातातून जाईल. सुरुवातीचं 'लव्वा लव्वा' मात्र मुद्दामच मसालापटाचं आहे. मनोरंजन आजवर काय विकत आला ते त्यातून कळतं, तेव्हा तिथेच चित्रपट बंद करू नका.