सोफोक्लीज वाचायचाय, पण सुरुवात कुठल्या नाटकापासून?

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीज याची थीब्ज नगरीच्या राजघराण्यावरची तीन नाटकं बहुतेक वेळा एकाच पुस्तकात मिळतात, आणि कथेच्या ओघाने लावलेली असतात: आधी 'राजा इडिपस', मग 'इडिपस कोलोनसमध्ये', शेवटी 'अँटिगनी'. मीही तशीच वाचली होती. आता कुणी विचारलं तर तसं करू नका म्हणून सांगते. ही नाटकं एकत्र लिहिलेली नाहीत. 'अँटिगनी' इ.स.पू. ४४१ च्या सुमारास रंगमंचावर आलं, तेव्हा सोफोक्लीज पंचावन्नच्या आसपास होता. 'राजा इडिपस' त्यानंतर दहा-बारा वर्षांनी आलं असावं. 'कोलोनस' (हे अथेन्सजवळच्या एका गावाचं नाव) त्याने नव्वदीच्या घरात लिहिलं आणि त्याच्या मृत्यूनंतर, ४०१ मध्ये, नातवाने ते सादर केलं. आयुष्याविषयी हा माणूस काय म्हणतो ते ऐकायचं असेल, तर त्याच्या वयाबरोबर चालावं.

म्हणून पहिलं 'अँटिगनी'. घरात कुणाशी अबोला धरला असेल, दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या असतील, तर दुसरा विचारच करू नका. राजा क्रेऑनचा हुकूम आहे की पॉलिनायसिस देशद्रोही, त्याच्या प्रेताला कुणी मूठमाती द्यायची नाही. बहीण अँटिगनी ती देते आणि पकडली जाते. क्रेऑनचा मुलगा हीमॉन तिचा वाग्दत्त वर. तो बापाला विनवतो: पुराच्या लोंढ्यात जी झाडं वाकतात त्यांच्या डहाळ्याही वाचतात, जी ताठ राहतात ती मुळासकट जातात. आपल्याला लगेच तुकोबांचं लव्हाळं आठवतं. पण तुकोबा लहानपण स्वतःसाठी मागतात. इथे मुलगा बापाला वाकायला सांगतोय, आणि बाप राजा आहे. तो उलट विचारतो, या वयात आम्ही या पोराकडून शिकायचं का?

वाकत तर अँटिगनीही नाही, आणि तरी आपलं मन तिच्याच बाजूने राहतं. हा गुंता सोफोक्लीज सोडवून देत नाही, म्हणून मला हे नाटक इतकं जवळचं वाटतं.

यातली एक गोष्ट पहिल्या वाचनात निसटते. आंधळा द्रष्टा टायरेसिअस सांगतो की चूक सगळ्यांकडून होते, ती सुधारतो तो शहाणा. क्रेऑन अखेर हादरतो. वृद्धांचा कोरस, म्हणजे नाटकात एकत्र गाणारा-बोलणारा समूह, त्याला अगदी स्पष्ट क्रम सांगतो: आधी गुहेत कोंडलेल्या मुलीला सोडव, मग प्रेताचे संस्कार कर. क्रेऑन उलटं करतो. आधी प्रेताला स्नान, दहन, वर मातीचा ढीग, आणि मग गुहेकडे. तोवर अँटिगनीने गळफास लावून घेतलेला असतो. माफी मागायला निघालेला माणूसही आधी जिवंत माणसाकडे जात नाही, हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

'राजा इडिपस' बांधणीत सगळ्यात घट्ट आहे. ॲरिस्टॉटलने आदर्श शोकांतिका म्हणून वारंवार याचंच उदाहरण दिलं. मराठीत पु. ल. देशपांडे यांनी ते 'राजा ओयदिपौस' या नावाने आणलं आहे, त्यामुळे भाषेची अडचण असेल तर इथून सुरुवात केली तरी हरकत नाही. पण हे नशिबाचं नाटक आहे एवढंच मनात धरून वाचायला बसू नका. खरं बळ चौकशीत आहे: आधीच्या राजाचा खुनी शोधता शोधता इडिपसला कळतं की खुनी आपणच, तो राजा आपला बाप आणि आपली बायको ही आपली आई. त्या बायकोला, योकास्टाला, सत्य त्याच्याआधी कळतं. ती विनवते की थांब, तू कोण आहेस हे तुला कधी न कळो. म्हातारा मेंढपाळ म्हणतो, भयंकर ते आता माझ्या तोंडून निघणार. इडिपस म्हणतो, आणि माझ्या कानांवर पडणार, तरी ऐकलंच पाहिजे. मन आधीच खचलेलं असेल तर हे नाटक थोडे दिवस लांब ठेवा.

आजारपणाने किंवा एकटेपणाने कोंडल्यासारखं झालं असेल, तर या तिन्हींच्या बाहेरचं 'फिलॉक्टिटीज' पाहा. पायाची जखम चिघळलेला, सोबत्यांनी बेटावर टाकून दिलेला माणूस त्यात आहे.

'कोलोनस' संथ आहे. विशीत हातात घेतलं तर बहुधा अर्ध्यावर सुटेल. म्हाताऱ्या आईवडिलांचं करत असाल तर मात्र पहिल्याच पानापासून धरून ठेवेल, कारण आंधळ्या बापाचा, इडिपसचा, हात धरून अँटिगनी चाललेली आहे. तो म्हणतो, मी थोडं मागतो, त्याहून थोडं मिळतं, आणि तेवढं मला पुरतं. दुःखाने, काळाने आणि स्वतःच्या खानदानी स्वभावाने हे शिकवलं, असं तो सांगतो. पण तो काही मवाळ झालेला नाही. मदत मागायला आलेल्या मुलाला तो इतका भयंकर शाप देतो की अंगावर काटा येतो.

याच नाटकातलं 'जन्मालाच न येणं सगळ्यात बरं' हे वाक्य सुभाषितासारखं सोफोक्लीजच्या नावावर फिरतं. ते कोलोनसच्या म्हाताऱ्यांच्या कोरसचं आहे. पुढे, मरणाआधी, इडिपस मुलींना जवळ घेतो आणि म्हणतो, माझ्यापायी फार सोसलंत, पण एकच शब्द हे सारे कष्ट पुसून टाकतो: प्रेम. माझ्याइतकं तुमच्यावर कुणी केलं नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच नव्वदीतल्या माणसाने लिहिली आहेत. मग दूत सांगतो, थोडं पुढे जाऊन आम्ही वळून पाहिलं तर इडिपस कुठेच नव्हता, अथेन्सचा राजा थिसिअस तेवढा डोळ्यांवर हाताची सावली धरून उभा होता.