म्हापशातलं घड्याळ दुरुस्तीचं दुकान: जुन्या सीको डायव्हरचं काम 5,200 रुपयांत

जुनं ऑटोमॅटिक घड्याळ दुरुस्त करायचं असेल आणि त्यावर फार पैसे घालवायचे नसतील, तर म्हापशाच्या पालिका बाजारामागच्या गल्लीतल्या या दुकानात निःशंक जा. पाटीचा रंग उडालेला आहे. दारातच काचेचं कपाट आणि त्यामागे डोळ्याला भिंग लावून बसलेले काका, एवढी खूण पुरे.

माझं घड्याळ सीको 6309-7040, म्हणजे पाण्याखाली वापरायचं डायव्हर घड्याळ. मामा बोटीवर होते, त्यांनी सिंगापूरला घेतलेलं. गोव्यात बोटीवरच्या लोकांच्या घरी हे मॉडेल अजूनही निघतं. मागच्या झाकणावरच्या नंबरातला पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. माझ्यावर 1 आणि 7 आहे, म्हणजे जुलै 1981. हे मॉडेल 1976 ते 1988 एवढीच वर्षं निघालं, त्यामुळे 1 म्हणजे 1971 की 1981 हा प्रश्नच येत नाही.

मामांनंतर ते कपाटातच राहिलं. आपल्याकडची खारी हवा आणि पावसाळ्यातली ओल कपाटातल्या वस्तूलाही सोडत नाही. चावी गंजून बसली होती, बाहेरची रिंग हलत नव्हती, ओरखड्यांमुळे काचेतून तारीख वाचता येत नव्हती. हलवलं की दोन-चार मिनिटं चालायचं आणि थांबायचं.

त्याआधी दुसऱ्या एका दुकानात दाखवलं होतं. नवीन डायल, नवीन काटे, वरून पॉलिश, एकदम नव्यासारखं करून देतो म्हणाले. मी घड्याळ उचललं आणि बाहेर पडलो. रंग देऊन नव्या केलेल्या डायलची जुनी घड्याळं आपल्या बाजारात ढिगाने मिळतात. मामांच्या घड्याळाचं तसं करायचं नव्हतं.

म्हापशाच्या काकांचं पहिलं वाक्य होतं, "आदीं उकतें करून पळोवया" (आधी उघडून बघूया). आणि त्यांनी ते माझ्यासमोरच उघडलं. झाकणाखालच्या रबरी रिंगचं अक्षरशः डांबर झालं होतं, बोटाला चिकटणारं. खोबणीतून ते खरवडायला त्यांनी लाकडी काडी घेतली, लोखंडी हत्यार नाही, कारण त्या खोबणीत ओरखडा पडला तर नवी रिंगही पाणी अडवणार नाही. मग दिव्याखाली मशीन फिरवून फिरवून पाहिलं. गंज फक्त चावीच्या दांड्यावर आणि दोन स्क्रूंच्या डोक्यांवर होता. बाकी सगळं दुखणं वाळलेल्या तेलाचं.

त्यानंतर काय करायचं नाही ते त्यांनी सांगितलं, आणि माझा विश्वास तिथेच बसला. डायलला हात लावायचा नाही. काट्यांवरचा चमकणारा जुना मसाला चिमटा लागला तरी भुगा होतो, तेव्हा तोही तसाच राहील, अंधारात दिसला नाही तरी चालेल. पॉलिश नाही, कारण या केसचा, म्हणजे बाहेरच्या धातूच्या डबीचा, वरचा भाग बारीक रेषांचा आणि बाजू चकचकीत आहे. पॉलिशच्या चाकावर धरलं की मधली धार कायमची जाते. पैसे घालायचे ते मशीनवर आणि पाणी अडवणाऱ्या रबरांवर.

चावी त्यांनी जोर लावून काढली नाही. तेलाचे थेंब सोडून ती तशीच ठेवली, हळूहळू सुटू दिली. केसवरचे आटे त्यामुळे वाचले. मशीन पूर्ण सुटं करून धुतलं, नवं तेल घातलं. हिशेब असा: सर्व्हिसिंग 2,200, काच 700, दांड्यासह चावी 900, रबरी रिंगा 300, बेझलवरची (बाहेरच्या रिंगवरची) आकड्यांची पट्टी 500, रबरी पट्टा 600. नको म्हटलं असतं तर शेवटचे दोन खर्चही टळले असते.

हे मशीन 17 ज्वेलचं (ज्वेल म्हणजे घर्षण कमी करणारे बारीक खडे), तासाला 21,600 ठोके. चावीने वळण देता येत नाही, हात हलला की आतलं वजन, म्हणजे रोटर, फिरूनच भरतं, आणि चावी ओढली तरी सेकंदकाटा चालू राहतो. दोन्ही गोष्टी या मशीनच्या बनावटीतल्याच आहेत, बिघाड समजू नका. काकांकडे टाइमग्राफर, म्हणजे घड्याळाची चाल मोजायचं यंत्र, आहे. सर्व्हिसिंगआधी अँप्लिट्यूड (मशीनमधल्या झुलणाऱ्या चाकाचा झोका) 150 अंशांच्या आसपास होता, नंतर 235. आता दिवसाला 15 सेकंद पुढे जातं. चाळीस वर्षांहून जुन्या घड्याळाकडून मला याहून जास्त नको आहे. बाहेरची रिंगही दोन्ही बाजूंना टकटक आवाज करत फिरते. आताच्या डायव्हर घड्याळांची रिंग एकाच दिशेने फिरते, म्हणजे चुकून धक्का लागला तर पाण्याखालचा उरलेला वेळ कमीच दिसतो, जास्त नाही. 6309 मध्ये ती सोय नव्हती.

न पटलेल्या गोष्टीही आहेत. बेझलची नवी पट्टी फारच काळी आणि आकडे जाडे. जुनी पट्टी अर्धीअधिक खरवडली नसती तर मी तीच ठेवायला सांगितलं असतं. आठवडा म्हणाले आणि महिन्याहून जास्त लागला, कारण भाग मुंबईहून येतात. फोन क्वचितच उचलतात. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा मागाच. आणि प्रेशर टेस्टचं यंत्र त्यांच्याकडे नाही. डायलवर 150 मीटर लिहिलेलं असलं तरी काकांनी स्वच्छ सांगितलं, हात धुवा, पावसात भिजा, पण समुद्रात घालून उतरू नका. बदललेले जुने भाग त्यांनी न मागता पुडीत बांधून दिले, अगदी गंजलेला दांडाही.

तुमचं घड्याळ असंच पडून असेल तर घरी चावी ओढून बघू नका. गंजलेला दांडा आतच तुटतो आणि खर्च वाढतो. आहे तसं घेऊन जा. शुक्रवार सोडून जा, त्या दिवशी बाजाराच्या गर्दीत काकांना उघडून बघायला सवड नसते, आणि रविवारी दुकान बंद असतं.