सीमाभागाची सवलत म्हणे! लेकीच्या थेरपीच्या नावावर ९३,८०० रुपयांची टोपी

आकडा आधीच सांगते. न बोलणाऱ्या लेकीच्या थेरपीसाठी एका खाजगी केंद्राला दिलेले ९३,८०० रुपये. तपासणीचे ३,५००, पॅकेजचे ७२,०००, यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आणि "सीमाभाग फाइल" म्हणून ११,५००, आणि कसल्यातरी पावडरच्या डब्यांचे ६,८००. आमचे हे उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत, मी घरी ब्लाउज शिवते, त्यामुळे हे पैसे कुठून आले असतील ते बेळगावातल्या माणसाला सांगायला नको, पिग्मी मुदतीआधी मोडली आणि भिशी लवकर उचलली. असली केंद्रं कशी चालतात, आधी गोड बोलायचं मग पॅकेज मग गायब, हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही माहीत होतं. तरी लिहितेय कारण ह्यांनी आपल्या सीमाभागाचं दुखणंच धंद्याला लावलंय आणि ते अजून चालू आहे.

लेक साडेतीन वर्षांची. हाक मारली तर वळून बघत नाही, माझ्या मशीनच्या बॉबिन काढून एका ओळीत लावत बसते, ओळ कुणी हलवली तर डोकं आपटून घेते. "आई" पण म्हणत नाही. सासूबाई म्हणायच्या तुझा नवरा पण चार वर्षांचा होऊन बोलला, शेजारचे म्हणायचे घरात मराठी, गल्लीत कन्नड, टीव्हीवर हिंदी, बालवाडीत इंग्लिश, पोर बोलणार कुठल्या भाषेत? बालवाडीच्या बाईंनी तर सरळ सांगितलं की बोलायला लागल्यावर आणा, बाकीची मुलं डिस्टर्ब होतात. म्हणजे ज्या पोरीला जास्त लक्ष द्यायला पाहिजे तिलाच घरी बसवा. मेंदूच्या आजारांचं मोठं सरकारी हॉस्पिटल निम्हान्स बेंगळुरूला, म्हणजे आमच्यापासून पाचशे किलोमीटर, आणि बोलण्या-ऐकण्याची मोठी सरकारी संस्था आयिश, ती त्याच्याही पुढं म्हैसूरला. रोजाच्या माणसानं जायचं कसं? हे आधी समजून घ्या, मग मला "एवढी शिकलेली असून" वगैरे बोला.

तेवढ्यात टिळकवाडीत एक केंद्र उघडलं. नाव लिहीत नाही, वकिलांनी लिहू नको म्हटलंय. भाड्याचा हॉल, भिंतीवर कार्टून, आणि दर शनिवारी कोल्हापूरहून एक "सर" यायचे. पत्रकावर मोठ्या अक्षरात "८६५ गावांतील मराठी पालकांसाठी महाराष्ट्राची विशेष सवलत". आता ८६५, म्हणजे महाराष्ट्र हक्क सांगतो ती कर्नाटकातली गावं, म्हटलं की आपला माणूस जागेवर विरघळतो. त्यात महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना ह्या ८६५ गावांना लागू केलीच होती, पेपरात आलं होतं, त्यामुळे खोटं वाटायला जागाच नव्हती. पण ती योजना दवाखान्यातल्या उपचारांची, ठरलेल्या हॉस्पिटलातली आणि कॅशलेस आहे. आधी तुम्ही खिशातून भरा मग आम्ही परत मिळवून देतो, असं त्यात काही नसतं. हे वाक्य पाठ करा. "आधी भरा, नंतर सरकार परत देतंय" असं कोणी म्हटलं की चप्पल घालून बाहेर पडायचं.

मला सांगितलं पॅकेज १,२०,००० चं आहे, सीमाभागासाठी ७२,०००, आणि त्यातलेही ६० टक्के फाइल पास झाली की खात्यावर येणार. ४८,००० फोनवरून पाठवले, २४,००० रोख दिले. रोखीची पावती त्यांनी दिली ती कच्च्या कागदावर, शिक्का नाही. रोख देऊ नका ओ, काय वाट्टेल ते सांगू देत, बँक बंद आहे म्हणू देत, मशीन बिघडलंय म्हणू देत.

तपासणी म्हणजे काय, तर पोरीच्या डोक्याला वायरींची टोपी घालून लॅपटॉपवर लाल-निळा मेंदू दाखवला. उजवा मेंदू ८७ टक्के चालतोय, डावा ३४. "चार भाषांमुळं लँग्वेज सेंटर जॅम झालंय, आम्ही मराठी सेट करतो." एखाद्या मोबाईलमध्ये भाषा बदलावी तसं. मूल बोलत नाही म्हटल्यावर सगळ्यात आधी कान तपासतात, बेरा टेस्ट करतात, हे मला खूप नंतर खऱ्या डॉक्टरांकडून कळलं. ह्या लोकांनी कानाचं नावसुद्धा काढलं नाही. आणि दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं ऑटिझम होत नाही की मूल मुकं होत नाही, हेही त्या डॉक्टरांनीच सांगितलं, घरात आपलं मराठीच बोला म्हणाले. पण हे सांगणारा माणूस मला भेटेपर्यंत पैसे गेले होते.

आता तो रिपोर्ट. अजून माझ्या कपाटात आहे आणि आठवण आली की अंगाचा तिळपापड होतो. स्पायरल बाइंडिंग, रंगीत कव्हर, पहिल्या पानावर माझ्या लेकीचं नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर. तिसऱ्या पानावर सगळीकडे मुलगा. "तो नजरेला नजर देतो", "तो छोटी वाक्यं बोलतो". आणि खाली मातृभाषेच्या पुढं लिहिलेलं गुजराती. गुजराती! मी ते पान त्याच टेबलावर, त्यांच्या समोर वाचलं. बोट ठेवून विचारलं पण, सर हे काय? ते हसले आणि म्हणाले ताई, टायपिंग मिस्टेक आहे, सॉफ्टवेअर मुंबईचं आहे ना, सिस्टीममध्ये बाय डिफॉल्ट येतंय. आणि पेन काढून गुजराती खोडून वर मराठी लिहिलं, बाजूला सही केली. त्या सहीनं माझं तोंड बंद झालं. मी ब्लाउज शिवणारी बाई, एका गिऱ्हाइकाचं माप दुसरीच्या कापडावर पडलं तर माझ्या लगेच लक्षात येतं, आणि इथं दुसऱ्याच्या लेकराचा रिपोर्ट माझ्या हातात होता. पण मांडीवर पोर किंचाळत होती, बाहेर अजून पाच-सहा जणी बसलेल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं होतं की सहा महिन्यांत बोलेल. सांगा, तुम्ही उठून गेला असता?

भिंतीवर सर्टिफिकेट पण होतं फ्रेममध्ये. आरसीआयचं. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, १९९२ च्या कायद्यातली, स्पेशल एज्युकेटर आणि असल्या कामाची माणसं तिथं नोंदलेली असावी लागतात आणि प्रत्येकाचा सीआरआर नंबर असतो. फ्रेमला चंदनाचा हार घातलेला, हाराची लोंबती बाजू बरोबर नंबरावर. मी नाव तेवढं वाचलं, ते एका बाईंचं होतं. विचारल्यावर "मॅडम ऑनलाइन असतात". कुठल्या मॅडम, कुठल्या ऑनलाइन, देव जाणे. तुम्ही हार बाजूला करा, नंबराचा फोटो घ्या आणि आरसीआयच्या वेबसाइटवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. सर्टिफिकेटवरचं माणूस आणि पोरीला हात लावणारं माणूस एकच आहे का तेही बघा. नोंदणी नसताना हे काम केलं तर शिक्षा किती माहीत आहे का? एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! माझ्या एका पावडरच्या डब्याला १,७०० घेतले होते.

थेरपीच्या वेळी आईला आत घ्यायचे नाहीत. "आई असली की मूल ऐकत नाही." बाहेर बाकावर बसून आतली बालगीतं ऐकायची. एकदा पोरीची पाण्याची बाटली द्यायला म्हणून दार ढकललं तर कॉलेजच्या वयाची एक मुलगी स्वतःच्या फोनवर बोलतेय आणि माझी लेक टॅब धरून बसलीय, फ्रॉकवर क्रीमच्या बिस्किटाचा चुरा. ज्यांनी मला गव्हाचं बंद करा, दुधाचं बंद करा म्हणून ६,८०० ची पावडर दिली त्यांच्याच खोलीत! मी बोलले तर मुलगी म्हणाली "आंटी, आता ब्रेक टायमिंग आहे". दार बंद करून थेरपी देणाऱ्याकडं मूल सोडू नका. खरी थेरपी करणारे आईबापालाच शिकवतात, ह्या महिन्यात काय जमायला पाहिजे ते लिहून देतात, घरी काय करून घ्यायचं ते दाखवतात. आता आम्ही जिथं जातो तिथं मलाच जमिनीवर बसवलंय आणि माझ्याच बॉबिन खेळायला घेतल्यात, एक तू दे, एक मी देते.

यूडीआयडीचं तर ऐका. ते कार्ड केंद्र सरकारचं, फुकट, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि आपण राहतो त्या जिल्ह्याच्या सरकारी डॉक्टरांच्या तपासणीवर मिळतं. देशभर चालतं, कर्नाटकाचं वेगळं महाराष्ट्राचं वेगळं असलं काही नाही. मला सांगितलं, इकडचं कार्ड तिकडं चालत नाही, कोल्हापूरच्या पत्त्यावर काढावं लागेल, ओळखीचा पत्ता लावतो. म्हणजे माझ्याकडून खोटा पत्ता पण लावून घेणार होते आणि उद्या अडकले असते मी! व्हॉट्सॅपवर नमुना म्हणून हिरव्या पट्टीचं कार्ड पाठवलं. खरी कार्डं टक्केवारीप्रमाणं पांढरी, पिवळी किंवा निळी असतात, हिरवं नसतंच. पण हे ज्यानं आधी बघितलंय त्यालाच कळणार ना, मी कुठं बघितलं होतं.

मग एका शनिवारी कुलूप. वॉचमन म्हणाला सामान रात्रीच गेलं. फोन बंद.

आता सरकारी माणसांचं सांगते. ठाण्यात गेले तर पहिला प्रश्न, अर्ज मराठीत का? "कन्नडदाग बरकोंड बर्री", म्हणजे कन्नडात लिहून आणा. बरं बाई, कोर्टासमोर बसणाऱ्याला २०० रुपये देऊन कन्नडात लिहून घेतला. तो वाचून साहेब म्हणतात, फी दिली, सर्व्हिस घेतली, आता पसंत पडली नाही म्हणून केस करायची का, हे सिव्हिल मॅटर आहे. आणि पैसे कोल्हापूरच्या खात्यावर गेलेत, तिकडं जा. तिकडं गेले. तिथल्या माणसानं माझा कन्नड अर्ज उलटा-सुलटा करून बघितला, म्हणाला हे आम्हाला वाचता येत नाही, मराठीत आणा, आणि गुन्हा बेळगावात घडलाय तर तिथंच द्या. म्हणजे बेळगावला मी महाराष्ट्राची आणि कोल्हापूरला कर्नाटकाची! निवडणुका आल्या की दोन्हीकडचे आमच्यासाठी जीव टाकतात. सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या नंबरला फोन केला, तर पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत ना, असं विचारून तक्रार नंबर दिला, त्याचं पुढं काय झालं कुणी सांगत नाही. अपंगांच्या ऑफिसात गेले तर साहेब मीटिंगला, दुसऱ्या टेबलावर गेले तर म्हणे सहा वर्षांखालचं मूल महिला-बालकल्याणकडं, तिथं गेले तर म्हणे अंगणवाडीत नाव आहे का, नाही? मग आमच्याकडं कसं येणार? एकानं तर मला ऐकवलं की शिकलेल्या बायकाच जास्त फसतात. मी म्हटलं साहेब, तुमच्या ऑफिसच्या भिंतीवर एक कागद लावला असता की ही तपासणी फुकट कुठं होते, तर मी कशाला गेले असते त्यांच्याकडं. गप्प झाला, पण कागद काही लावला नाही.

कारण ती तपासणी सरकारात फुकट होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत, त्यात मूल उशिरा बोलणं, उशिरा चालणं पण येतं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा डॉक्टरांची टीम यायला पाहिजे, आणि काही सापडलं तर जिल्ह्याच्या सेंटरला, डीईआयसीला, पाठवायला पाहिजे. खाजगी बालवाडीच्या नादात आम्ही अंगणवाडीत नावच घातलं नव्हतं आणि कुणी विचारायलाही आलं नाही. तुम्ही नाव घाला, खिचडी नाही खाल्ली तरी चालेल. रांग लांब आहे, तारीख उशिरा मिळते, कागद कन्नडात असतात, सगळं खरं, पण तिथं कोणी ७२,००० मागत नाही.

पोलिसांनी हद्द सांगितली तर ऐकून परत येऊ नका. जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी ठाण्याला लिहून घ्यावं लागतं, झिरो एफआयआर, कलम १७३. मला हे वकिलांनी सांगितलं, ठाण्यातल्या कुणी नाही. आणि ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. माझी तक्रार तिथं दाखल झालीय. तो गुजराती खोडलेला रिपोर्ट जोडलाय, त्यांच्या सहीसकट, आता म्हणू देत सॉफ्टवेअर मुंबईचं.

परवा निपाणीच्या एका ओळखीच्या बाईंनी पत्रक पाठवलं. नाव बदललंय, तेच कार्टून, तेच ८६५, तपासणी आता ४,०००. टिळकवाडीच्या बाकावर माझ्याबरोबर बसणाऱ्या कितीतरी जणी होत्या, त्यातल्या बऱ्याच घरात बोलणी बसतील म्हणून गप्प आहेत. मला बसायची ती बसून झाली. ग्राहक आयोगात परवानगी घेऊन एकत्र तक्रार करता येते, तुमच्याकडं कच्ची पावती असली, फोनवरून पाठवलेल्या पैशाचा स्क्रीनशॉट असला, व्हॉट्सॅपवरचं हिरवं कार्ड असलं तरी चालेल, डिलीट करू नका. आणि तुमच्या रिपोर्टचं तिसरं पान उघडून बघा.