रेक लीगमधून ट्रॅव्हल सॉफ्टबॉलमध्ये: एका पूर्ण हंगामानंतरचा अनुभव

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी आई-बाबांची लेक दोन-तीन वर्षं गावच्या सॉफ्टबॉलच्या रेक लीगमध्ये (सगळ्यांना घेणाऱ्या स्थानिक हौशी लीगमध्ये) खेळतेय आणि आता ट्रॅव्हल टीमच्या (निवड करून बनवलेल्या, बाहेरगावच्या स्पर्धांना जाणाऱ्या टीमच्या) ट्रायआउटला, म्हणजे निवड चाचणीला, जायचं म्हणतेय, त्यांच्यासाठी हे लिहितो आहोत. अनुभव ऑगस्टच्या ट्रायआउटपासून पुढच्या जुलैपर्यंतचा, १२-यू (बारा वर्षं आणि त्याखालच्या) गटातला, बी म्हणजे मधल्या पातळीवरचा. मत आधीच सांगून टाकतो: मुलीला सराव मनापासून आवडत असेल तर हा बदल जरूर करा, पण टीम निवडताना नाव बघू नका, तिला किती डाव खेळायला मिळतील ते बघा.

१०-यू मधून वर येणाऱ्या मुलीसाठी दोन गोष्टी एकदम बदलतात. चेंडू ११ इंचांचा होता तो १२ इंचांचा होतो आणि पिचरचं (चेंडू टाकणारीचं) होमपासूनचं, म्हणजे बॅटिंगच्या जागेपासूनचं, अंतर ३५ फुटांवरून ४० फुटांवर जातं. बेसमधलं (धाव घेताना गाठायच्या टप्प्यांमधलं) अंतर मात्र ६० फूटच राहतं. हाताला मोठा चेंडू नीट बसायला दोन-तीन महिने लागतात, तेवढ्या काळात फेक घसरली तर घाबरायचं कारण नाही.

खरा फरक नियमांतून येतो. रेकमध्ये बहुतेक ठिकाणी स्टीलिंगवर (फटका नसताना पुढचा बेस पळून गाठण्यावर) मर्यादा असते, एका इनिंगमध्ये पाच धावा झाल्या की बाजू बदलते, आणि तिसरा स्ट्राइक (तिसऱ्यांदा हुकलेला किंवा सोडलेला चांगला चेंडू) कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागच्या खेळाडूच्या, हातून सुटला तरी बॅटर बाद. ट्रॅव्हलमध्ये ही सगळी कुंपणं निघून जातात. पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन बाद झालेले असतील, तर सुटलेल्या तिसऱ्या स्ट्राइकवर बॅटर पळू शकते. चेंडू पिचरच्या हातातून सुटला रे सुटला की रनर बेस सोडते. याचा हिशोब एकदा शांतपणे मांडून बघा. चपळ मुलगी पहिल्यावरून दुसरा बेस साधारण तीन-सव्वातीन सेकंदांत गाठते. ताशी ४५ मैलांचं पिच कॅचरपर्यंत यायला अर्धा सेकंद जातो. चेंडू ग्लव्हमधून काढून फेकायला एक सेकंद, थोडा जास्तच. होमपासून दुसऱ्या बेसपर्यंत ८४ फूट १० इंच. त्याच वेगाची सरळ फेक असेल तर आणखी १.३ सेकंद. बेरीज तीनला टेकते. म्हणजे कॅचरने एक पाऊल जास्त टाकलं किंवा फेक उंच कमानीत गेली, की रनर सेफ. रेकमध्ये हे कधी दिसतच नाही, म्हणून चांगली वाटणारी मुलगी पहिल्या दोन स्पर्धांत गोंधळते.

त्यामुळे ट्रायआउटआधीचे दोन-तीन महिने बॅटिंगपेक्षा फेकीवर घालवा. आठवड्यातून चार दिवस, दिवसाला ४० फेकी पुरतात: १० फेकी ३० फुटांवरून, २० फेकी ६० फुटांवरून आणि शेवटच्या १० फेकी जमेल तितक्या लांबून. चेंडू हातात येताना बोटं शिवणीला आडवी बसली पाहिजेत. ती नजर न टाकता बसायला हवीत. ग्लव्ह कानापाशी आणताना हात आधीच चेंडूवर गेलेला असावा. लांबची फेक पोचत नसेल तर मुली चेंडू वर उडवतात, तिथे लगेच थांबवा. एक टप्पा घेऊन सरळ जाणारी फेक उडवलेल्या फेकीपेक्षा लवकर पोचते आणि टॅग करणारीच्या (चेंडू लावून रनरला बाद करणारीच्या) गुडघ्यापाशी येते, म्हणजे हवी तिथेच.

क्रिकेट खेळलेल्या बाबांना इथे एक विनंती. झेल छातीशी ओढून घ्यायची सवय मुलीला लावू नका. कमरेच्या वर आलेल्या चेंडूला ग्लव्हची बोटं वर, कमरेच्या खाली आलेल्याला बोटं खाली, आणि दुसरा हात ग्लव्हच्या शेजारी तयार, कारण झेल घेतल्यावर लगेच फेकायचं असतं. बॅट हातात घेऊन पळणं, चेंडू मागे गेला की धाव घ्यायला निघणं, याही आपल्याकडच्याच सवयी. महाराष्ट्रात शाळेतून सॉफ्टबॉल खेळलेली आई, मावशी घरात असेल तर तिला मैदानावर न्या. तिचा शब्द बाबांच्या शब्दापेक्षा जास्त कामाचा.

पिचिंगबद्दल जरा सविस्तर, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. खालून टाकलेला चेंडू खांद्याला सोपा, त्रास होत नाही, असं सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. विंडमिल फेकीत (हात पूर्ण गोल फिरवून खालून टाकण्यात) दंडाच्या पुढच्या स्नायूवर आणि खांद्याच्या पुढच्या बाजूवर मोठा ताण येतो. बेसबॉलमध्ये मुलांसाठी पिच मोजण्याची पद्धत रुळली आहे, ट्रॅव्हल सॉफ्टबॉलच्या बऱ्याच स्पर्धांत तशी मर्यादाच नसते. एकच चांगली पिचर असलेली टीम तिला शनिवारी दोन आणि रविवारी तीन सामने टाकायला लावते. हे आम्ही वारंवार पाहिलं आणि यावर गप्प बसू नका असं कळकळीने सांगतो. घरून एक वही ठेवा, प्रत्येक सामन्यातले पिच मोजा, आणि खांदा पुढून दुखतो म्हणाली की त्या दिवसापुरतं थांबवा. शिकण्याचं म्हणाल तर आठवड्याला अर्ध्या तासाचा एक क्लास आणि घरी तीन दिवस, प्रत्येकी ६० ते ८० पिच. आधी फास्टबॉल जागेवर पडू द्या, मग चेंज-अप (त्याच हालचालीत टाकलेला संथ चेंडू). १२-यू मध्ये एवढ्या दोन पिचवर हंगाम निघतो. कर्व्ह-राइजचा (वळणाऱ्या, वर चढणाऱ्या चेंडूंचा) हट्ट मनगट वाकडं करायला शिकवतो आणि फास्टबॉलही बिघडवतो.

सामान. बॅटचा ड्रॉप म्हणजे इंचांतली लांबी आणि औंसांतलं वजन यांतला फरक. ३० इंच, २० औंस म्हणजे उणे १०. ज्या मुलीने रेकमध्ये उणे १२ वापरली, तिला पहिल्या वर्षी उणे ११ किंवा उणे १० पुरे. बॅट एका हाताने खांद्याच्या रेषेत सरळ धरून २० सेकंद न थरथरता ठेवता आली तर वजन झेपतं. कॉम्पोझिट (मिश्र पदार्थाची, धातूची नसलेली) बॅट २०० ते ४०० डॉलरला जाते आणि नवीन असताना बोथट वाटते. ती मोकळी करायला टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावर) चेंडू ठेवून दीडशे-दोनशे फटके, प्रत्येक फटक्यानंतर बॅट पाव वळसा फिरवून, आणि तेही खऱ्या सॉफ्टबॉलवर. पिचिंग मशीनच्या खळग्यांच्या कडक चेंडूंवर ती वापरली की तडे लवकर जातात. हवा १५-१६ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर जुनी ॲल्युमिनियमची काढा, आणि बॅट रात्रभर गाडीच्या डिकीत ठेवू नका. विकत घेताना बॅटवरचा शिक्का बघा: यूएसए सॉफ्टबॉल आणि यूएसएसएसए या दोन संस्थांच्या स्पर्धांत वेगवेगळे शिक्के लागतात, दोन्ही असलेली घेतली की डोकेदुखी संपते.

ग्लव्ह १२ इंचांच्या आसपासचा. हेल्मेटला चेहऱ्याची जाळी आणि नॉक्सीचा (NOCSAE, खेळाच्या सामानाची सुरक्षा मानकं ठरवणारी संस्था) शिक्का हवाच. पिचर, पहिला आणि तिसरा बेस इथे फील्डिंग मास्क, नियमात असो वा नसो. यात काटकसर नको.

आता टीम. अकरा-बारा मुलींच्या टीममध्ये किमान तीन पिचर आणि दोन कॅचर असाव्यात. ट्रायआउटनंतर फोन येतो तेव्हा उत्तर द्यायला एक-दोन दिवसच मिळतात, म्हणून प्रश्न आधीच लिहून ठेवा: माझ्या मुलीच्या जागेवर आणखी कोण आहे? शनिवारच्या पूल (गटवार साखळी) सामन्यांत सगळ्या मुली बॅटिंग करतात का? रविवारी बाकावर कोण बसतं? फीमध्ये गणवेश, विमा, हिवाळ्यातला हॉलचा सराव आहे का? मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का? हे शेवटचं लेखी घ्या. कोचच्या मुली ठरलेल्या जागांवर आणि बाकीच्या फिरत्या, याला इथे ‘डॅडी बॉल’ म्हणतात. तो ओळखायचा तर टीमचा एक सामना आधी जाऊन बघा: पिचरला मार पडायला लागल्यावर कोच कुणाला बदलतो, तिथे सगळं कळतं. मोठ्या नावाच्या क्लबची तिसरी टीम आणि गावाजवळची साधी बी टीम यांत निवडायचं झालं, तर जिथे ती आठवड्याला दहा इनिंग मैदानात उभी राहील ती घ्या.

खर्च: टीमची फी साधारण १,००० ते ३,००० डॉलर, क्लासला अर्ध्या तासाचे ४० ते ६०, शिवाय हॉटेल आणि मैदानाच्या दारावरचं तिकीट. काही स्पर्धांत ठरावीक हॉटेलातच उतरायची सक्ती असते, ते बुकिंगआधी विचारा.

स्पर्धेचा दिवस आठ वाजताच्या सामन्यासाठी सातला सुरू होतो आणि दोन सामन्यांमध्ये तीन तासांची पोकळीही पडते. दहा बाय दहाचा तंबू, बर्फाचा डबा, ओले टॉवेल लागतातच. कँटीनमधल्या नाचोजनंतर दुपारचा सामना जड जातो. डब्यात थंड दहीभात, केळी, चिमूटभर मीठ घातलेलं लिंबू सरबत ठेवा. सामन्याच्या दीड तास आधी भात, मग फक्त घोट घोट पाणी.

कॉलेजच्या शिष्यवृत्तीचं गणित या वयात मांडू नका. डिव्हिजन एकच्या (कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटाच्या) कोचना मुलीशी थेट बोलायची परवानगीच ज्युनिअर वर्षाच्या १ सप्टेंबरपासून मिळते, म्हणजे अकरावीच्या सुरुवातीला. बारा वर्षांच्या मुलीला ‘एक्स्पोजर’ (कॉलेज कोचच्या नजरेस पडण्याची संधी) विकणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा.

हंगाम संपल्यावर तीन-चार आठवडे चेंडू हातात घेऊ देऊ नका, पोहणं-सायकल चालेल. १४-यू मध्ये जाणार असेल तर पिचरचं अंतर ४३ फूट होतं, त्यामुळे पिचर असेल तर सुट्टीनंतर पहिले पंधरा दिवस पूर्ण जोर न लावता नव्या अंतरावरून टाकायला लावा. धातूचे क्लीट्स (खिळ्यांचे बूट) तिथे बहुतेक स्पर्धांत चालतात. घेतले तर सामन्याआधी तीन-चार सरावांना घालून स्लाइड करायला लावा, नाहीतर टोक मातीत रुततं आणि घोटा मुरगळतो.